राहून गेलेली दहावी आता द्यायची असेल तर



आज बी-बियाणे, खते, औषधे बाजूला ठेवू. आपल्या कर्जत-खालापूर भागात घरोघरी एक माणूस असा सापडतो, ज्याची शाळा सातवीला, आठवीला नाहीतर दहावीच्या उंबरठ्यावर सुटली. कोणाच्या घरी लावणीला माणूस कमी पडला, कोणाला नदीपलीकडच्या शाळेत पावसाळ्यात जाता येईना, कोणी गणितात अडकला आणि पुन्हा बसलाच नाही. बायकांचे तर विचारूच नका. लग्न ठरले की दप्तर खुंटीला. अशा माणसाला पस्तिसाव्या, पंचेचाळिसाव्या वर्षी दहावी देता येते का? येते. शाळेच्या वर्गात जाऊन बसावे लागत नाही आणि वयाची वरची मर्यादाही नाही.

आता तुम्ही म्हणाल, या वयात दहावी घेऊन करायचे काय? शेत काही सर्टिफिकेट विचारत नाही. खरे आहे. पण शेताबाहेर पाऊल टाकले की पहिला प्रश्न तोच. गावच्या पोलीस पाटलाच्या जागेसाठी दहावी पास असावे लागते. आयटीआयच्या बहुतेक व्यवसायांना दहावी लागते, आणि रसायनी-पाताळगंगेच्या, खोपोलीच्या कारखान्यांत हेल्पर म्हणून लागणे वेगळे आणि आयटीआय करून लागणे वेगळे. कृषिसेवा केंद्र चालवणाऱ्यांसाठी ‘देसी’ नावाची एक वर्षाची पदविका आहे, तिच्या प्रवेशालाही दहावी पाहतात. एका एकरावर तिघे भाऊ असले की हा विचार करावाच लागतो.

ही सोय काही उपकार म्हणून निघालेली नाही. अमेरिकेत १९४२ साली, महायुद्धात शाळा सोडून गेलेल्या सैनिकांसाठी अशी परीक्षा तयार केली. वर्गात किती वर्षे बसलात हे न विचारता, येते काय एवढे तपासायचे. आपल्याकडे दोन मुख्य वाटा आहेत.

पहिली वाट आपल्या राज्य मंडळाची, म्हणजे नेहमीच्या एसएससीची. बाहेरून बसणाऱ्यासाठी जो अर्ज असतो त्याला सगळे ‘सतरा नंबरचा फॉर्म’ म्हणतात. किमान पाचवी पास असल्याचा शाळेचा दाखला हवा. अर्ज ऑनलाइन भरायचा, आणि मग त्याची प्रत व कागद निवडलेल्या शाळेत नेऊन द्यायचे. रायगड जिल्हा मुंबई विभागीय मंडळात येतो, त्याचे कार्यालय वाशीला आहे, पण बहुतेक काम जवळच्या हायस्कुलातच होते. एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. सतरा नंबर भरला म्हणजे फक्त नावनोंदणी झाली. परीक्षेचा अर्ज पुढे वेगळा भरायचा असतो. नोंदणीची पावती ट्रंकेत ठेवून जो निर्धास्त बसला, त्याचे वर्ष गेले. तोंडी आणि प्रात्यक्षिक परीक्षेला त्याच शाळेत जावे लागते, तेव्हा शाळा एसटीने किंवा लोकलने गाठता येईल अशीच निवडा.

दुसरी वाट राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची. हे १९८९ साली सुरू झाले, आजचे नाव राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, लोक ‘एनआयओएस’ म्हणतात. इथे पाच विषय पुरतात आणि ते आपण निवडायचे. नोंदणी पाच वर्षे चालते, तेवढ्यात नऊ वेळा बसण्याची संधी मिळते. एका खेपेला दोन विषय, पुढच्या खेपेला एक, असे सुटे सुटे सोडवता येतात. मराठी माध्यम घेता येते. आणि गणित घेतलेच पाहिजे असे नाही. हे ऐकून काहींचे डोळे चमकले असतील! पण थांबा. फिटर, इलेक्ट्रिशियन अशा व्यवसायांना गणित आणि विज्ञान घेऊन केलेली दहावी मागतात. पुढे काय करायचे ते आधी ठरवा, मग विषय टाका.

ज्यांची पाचवीही झालेली नाही त्यांनी खट्टू होऊ नये. राज्य मंडळाकडेच आता मुक्त विद्यालयाची सोय आहे, तिथून पाचवी आणि आठवीची पातळी पार करता येते. आपल्या शेजारच्या मुरबाड तालुक्यात फांगणे गावी ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा निघाली. साठी-सत्तरी ओलांडलेल्या आज्या गुलाबी लुगडी नेसून पाटी-पेन्सिल घेऊन बसल्या. त्यांच्यापुढे चाळिशीचा माणूस म्हणजे पोरच की.

आता वेळापत्रकाचे पाहू, कारण आपली खरी अडचण तीच. राज्य मंडळाची मुख्य परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये येते. तोवर भाताची झोडणी आटोपलेली, वालाची थोडी गडबड. ज्यांचे शेत राजनाल्याच्या पाण्यावर आहे त्यांचे उन्हाळी भात तेव्हा उभे असते, पण पाणी द्यायला घरचे दुसरे कोणी जाऊ शकते. पुरवणी परीक्षा मात्र जून-जुलैत, म्हणजे ऐन पेरणी-लावणीत. म्हणून पहिल्याच फेरीत सुटायचा बेत करा. एनआयओएसच्या परीक्षा एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरला. ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे कापणी, ती खेप भात करणाऱ्याने सोडावी. एप्रिल-मेमध्ये राब भाजणी आणि लग्नसराई असते, तरी त्यातून वाट काढता येते. माझे मत विचाराल तर ज्याचे गणित बरे आहे आणि हायस्कूल जवळ आहे त्याने राज्य मंडळच धरावे. ज्याला कामामुळे दोन महिनेही सलग मिळत नाहीत, त्याने मुक्त विद्यालयाकडे जावे.

अभ्यास लावणी संपल्यावर सुरू करा. नारळी पौर्णिमेपासून कापणीपर्यंत संध्याकाळी तासभर निघतो. पुस्तके बालभारतीची, मुलांच्या मोबाइलवर ती फुकट उतरवून घेता येतात. आणि उघडून तरी बघा, त्यातले पुष्कळ तुम्हाला आधीच ठाऊक आहे. विज्ञानाच्या दुसऱ्या भागात पहिलाच धडा आनुवंशिकतेचा. संकरित सह्याद्रीचे बी दरवर्षी विकत का आणावे लागते आणि कर्जत-७ चे घरचे बी का चालते, हे ज्याने शेतात पाहिले आहे त्याला तो धडा पोपटासारखा पाठ करावा लागणार नाही. गणितात महत्त्वमापन म्हणून प्रकरण आहे, त्यात वृत्तचितीचे घनफळ येते. आपली भाताची कणगी म्हणजे दुसरे काय हो? अर्थनियोजनात जीएसटी आहे, तो खताच्या बिलावर रोज दिसतो. भूगोलाचे सबंध पुस्तक भारत आणि ब्राझील यांच्या तुलनेचे आहे, ते गोष्टीसारखे वाचून होते. इंग्रजी जड जाते, हे मी लपवत नाही. तिथे जुन्या प्रश्नपत्रिका सोडवणे हाच उपाय. पत्र कसे लिहायचे, उताऱ्यातून उत्तर कसे शोधायचे, एवढे हातात बसवा. उत्तीर्ण व्हायला शंभरात पस्तीस लागतात.

लाज हा मोठा अडसर. पोरांच्या शेजारी बाकावर बसायचे, कोणी हसले तर? परीक्षेच्या दालनात प्रत्येकाचे डोळे आपल्या पेपरावर असतात. आणि घरात मुलगी दहावीला असेल तर दोघांनी एकाच दिव्याखाली बसा. तिने बीजगणित समजावावे, तुम्ही तिला मराठीतले जुने शब्द सांगावे.

एका गोष्टीपासून मात्र दूर राहा. ‘परीक्षा न देता दहावी’, ‘घरबसल्या पास’ असे सांगून पैसे घेणारे दलाल फिरतात. ते देतात तो कागद कचेरीत तपासणीला टिकत नाही, आणि खोट्या कागदावर नोकरी धरली तर ती जातेच, वर गुन्हा दाखल होतो. मंडळाचे नाव नवे वाटले तर पैसे देण्याआधी पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे किंवा अलिबागला जिल्हा परिषदेत माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारा.

शेवटी कागदांचे. शाळा सोडल्याचा मूळ दाखला, आधारकार्ड, फोटो आणि चालू मोबाइल नंबर. दाखला हरवला असेल तर ज्या शाळेत शिकलात तिथे जा. जुन्या जनरल रजिस्टरात नोंद असते, त्यावरून दुसरी प्रत मिळते, आणि सोबत प्रतिज्ञापत्र जोडावे लागते. दाखल्यावरचे नाव आणि जन्मतारीख आधारशी ताडून बघा. फरक असेल तर फॉर्म भरण्यापूर्वीच निस्तरा, दहावीच्या प्रमाणपत्रावर चूक छापून आली की दुरुस्ती फार जिकिरीची होते. भगिनींच्या दाखल्यावर माहेरचे नाव असते, फॉर्म त्या नावानेच भरावा. सतरा नंबरच्या तारखा मंडळ साधारण पावसाळ्यात जाहीर करते. तेव्हा चिखलात हात असतात आणि तारीख हुकते. म्हणून दाखल्याचे काम राब भाजायच्या दिवसांतच उरकून घ्या, आणि हायस्कूलच्या कारकुनाला आपला नंबर देऊन ठेवा.