कायद्याच्या ग्रंथांचे राखणदार

कायद्याचे अज्ञान ही बचावाची सबब होऊ शकत नाही, हे तत्त्व आपणांपैकी बहुतेकांच्या कानांवरून केव्हा ना केव्हा गेलेलेच असेल. नगरपालिकेची नोटीस हाती पडली, घरभाड्याचा तंटा उपस्थित झाला, किंवा वारसाहक्काच्या कागदावर सही करण्याची वेळ आली, म्हणजे या तत्त्वाची धार आपल्याला जाणवते. तत्त्व कठोर खरे. परंतु त्याखेरीज राज्यकारभार चालावयाचा नाही. ‘मला ठाऊक नव्हते’ एवढे म्हटल्याने सुटका होऊ लागली, तर ज्याला सर्वांत कमी ठाऊक, तोच सर्वांत सुरक्षित, असा विलक्षण न्याय होईल!

मात्र या तत्त्वाची एक दुसरी बाजू आहे आणि तिचा उच्चार क्वचितच होतो. प्रजेने कायदा जाणला पाहिजे असे सरकार म्हणत असेल, तर तो कायदा प्रजेला सापडेल अशा रीतीने प्रसिद्ध करणे, हे सरकारचेही कर्तव्य ठरते. आता कायदा छापला गेला म्हणजे तो सापडतोच असे नाही. हजारो ग्रंथांच्या राशीतून नेमके पान नेमक्या वेळी काढून देणारे कोणी तरी लागते. कायदाग्रंथालयांचे ग्रंथपाल हेच ते लोक. त्यांच्या एका स्थानिक संघाची हकीकत आज मी आपल्याला सांगणार आहे. हा संघ अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन येथील आहे.

वॉशिंग्टन हे शहर कायद्याचे माहेरघर. तेथे काँग्रेस कायदे करते, निरनिराळी सरकारी खाती त्या कायद्यांखाली नियम काढतात, आणि सर्वोच्च न्यायालय त्या दोहोंचे अर्थ लावते. या तिन्ही ठिकाणी ज्यांचे काम अडलेले असते, अशा लोकांच्या वतीने बोलणाऱ्या वकिलांच्या मोठमोठ्या पेढ्या त्याच शहरात आहेत. काँग्रेसच्या ग्रंथालयाचा कायदाविभाग १८३२ साली स्वतंत्र झाला, तेव्हा त्यात दोन हजारांच्या आसपास ग्रंथ होते. पुढे तो वाढत वाढत जगातील सर्वांत मोठे कायदाग्रंथालय बनला. न्यायालये, सरकारी खाती, विद्यापीठे आणि वकिलांच्या पेढ्या यांची ग्रंथालये आणखी निराळी. एवढे ग्रंथवैभव जेथे आहे, तेथे कायदा हरवेल तरी कसा, असे आपल्या मनात येईल. पण तो हरवला होता, आणि तोही खुद्द सरकारच्याच हातून.

ही गोष्ट १९३४ सालची. मंदीच्या काळात अमेरिकेत तेलाचे भाव कोसळले होते, म्हणून मर्यादेबाहेर तेल काढण्यास आळा घालणारी एक नियमावली १९३३ मध्ये सरकारने जारी केली. नियम मोडणाऱ्यास शिक्षेची तरतूद होती, आणि त्या आधारावर टेक्सासमधील तेलधंद्यातील लोकांवर कारवाईही सुरू झाली. प्रकरण खालच्या न्यायालयांतून चढत चढत सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचले. त्या सुमारास सरकारी वकिलांच्या ध्यानात आले की, ज्या कलमावर भिस्त ठेवून आपण हा सारा प्रपंच मांडला, ते कलम सप्टेंबर १९३३ मध्ये नियमावलीत दुरुस्ती करताना नजरचुकीने गळून गेले आहे! वर्षभर सरकार एका अस्तित्वात नसलेल्या नियमावर लढत होते. खालच्या न्यायाधीशांना हे ठाऊक नव्हते, प्रतिपक्षाच्या वकिलांना ठाऊक नव्हते, आणि ज्यांच्यावर कारवाई झाली त्या बिचाऱ्यांना तर कोठून ठाऊक असणार?

डिसेंबर १९३४ मध्ये सुनावणी झाली, तेव्हा असले हुकूम नागरिकाने पाहावे तरी कोठे, असा प्रश्न न्यायमूर्ती ब्रँडाइस यांनी सरकारी पक्षाला टाकला. समाधानकारक उत्तर कोणापाशी नव्हते. तेलवाल्यांच्या वकिलाने तर सांगितले की, या नियमावलीची आपण पाहिलेली एकमेव प्रत एका सरकारी अधिकाऱ्याच्या विजारीच्या मागच्या खिशात होती. त्या काळी अशा हुकमांसाठी आपल्याकडल्या सरकारी गॅझेटसारखे एकही पत्र अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारापाशी नव्हते. कोणी हुकूम छापी, कोणी नुसताच टंकलिखित करून कपाटात ठेवी. जानेवारी १९३५ मध्ये निकाल लागला तो सरकारच्या विरुद्ध, आणि तोही निराळ्याच घटनात्मक मुद्द्यावर. पण प्रसिद्धीच्या या अनागोंदीचा बभ्रा व्हावयाचा तो झालाच. त्याच वर्षी जुलै महिन्यात काँग्रेसने कायदा केला, आणि १४ मार्च १९३६ रोजी ‘फेडरल रजिस्टर’ या सरकारी पत्राचा पहिला अंक निघाला. तेव्हापासून सर्वांना लागू होणारे हुकूम व नियम त्यात प्रसिद्ध करणे सरकारला भाग झाले.

यानंतर तीनच वर्षांनी, म्हणजे १९३९ साली, वॉशिंग्टनच्या कायदाग्रंथपालांनी आपला संघ स्थापन केला. तेल-प्रकरणामुळेच तो निघाला असे मी म्हणत नाही. परंतु सरकारी कागदांचा महापूर ज्या शहरात नुकताच वाहू लागला होता, तेथील ग्रंथपालांना एकमेकांचा हात धरावासा वाटला, यात नवल नाही. अशा संघटनेचा पायंडा राष्ट्रीय पातळीवर आधीच पडला होता. १९०६ साली नॅरागॅन्सेट पिअर या समुद्रकाठच्या गावी चोवीस ग्रंथपालांनी एकत्र येऊन अमेरिकन कायदाग्रंथालयांची राष्ट्रीय संस्था काढली. आयोवा राज्याच्या ग्रंथालयातील ए. जे. स्मॉल हे तिचे पहिले अध्यक्ष. दोनच वर्षांत, म्हणजे १९०८ मध्ये, संस्थेने स्वतःचे त्रैमासिक सुरू केले आणि कायदाविषयक नियतकालिकांतील लेखांची सूचीही काढली. उत्तमोत्तम लेख त्यापूर्वीही छापले जात होते. पण कोणता लेख कोठे आहे हे सांगणारे कोणी नसल्यामुळे ते असून नसल्यासारखेच होते. एका ग्रंथपालाच्या आवाक्याबाहेरचे काम चोवीसजण मिळून करू शकतात, एवढा साधा हिशेब त्यामागे होता. वॉशिंग्टनचा संघ पुढे या संस्थेशी शाखेच्या नात्याने जोडला गेला.

आता हा संघ करतो तरी काय? व्याख्याने, सभा, नवागतांचे शिक्षण, ‘लॉ लायब्ररी लाइट्स’ नावाचे स्वतःचे पत्र, हे सर्व कोणत्याही व्यवसायाच्या संघात असते तसे येथेही आहेच. सरकारी ग्रंथालये, विद्यापीठांची ग्रंथालये, खासगी पेढ्या, परदेशी कायदा अशा निरनिराळ्या कामांसाठी निरनिराळी उपमंडळेही आहेत. परंतु या संघाचे ज्याला खास वॉशिंग्टनी म्हणता येईल असे कार्य म्हणजे कायद्यांच्या जन्मकथांची संयुक्त सूची.

कायद्याची जन्मकथा म्हणजे काय, ते थोडे उलगडून सांगतो. कोणताही कायदा अंतिम स्वरूपात आपल्यापुढे येण्यापूर्वी अनेक अवस्थांतून जातो. प्रथम विधेयकाचा मसुदा असतो. मग समितीपुढे साक्षी होतात. समितीचा अहवाल येतो. सभागृहात वादविवाद होतो. एखादा शब्द गाळला जातो, एखादा घातला जातो. आणि मग अध्यक्षांची सही होते. पुढे पंचवीस वर्षांनी त्या कायद्यातील एखाद्या संदिग्ध शब्दावर कोणाची नोकरी किंवा कोणाचे निवृत्तिवेतन अवलंबून राहिले, म्हणजे हा शब्द येथे कोणत्या हेतूने घातला, असा प्रश्न निघतो. अशा वेळी हे जुने कागद न्यायालयापुढे ठेवले जातात. असल्या कागदांना किती वजन द्यावे, याविषयी अमेरिकन न्यायाधीशांत तीव्र मतभेद आहेत. पण वजन द्यावयाचे की नाही हे ठरविण्यासाठीही ते आधी हाती यावे लागतात!

एकेका कायद्याचे असे कागद गोळा करून त्यांची बांधणी करणे, हे अतिशय चिकाटीचे काम. एका पेढीच्या ग्रंथपालाने करविषयक कायद्याची जन्मकथा जुळवावी, दुसऱ्याने कामगार कायद्याची, एखाद्या खात्याच्या ग्रंथपालाने आणखी कशाची. प्रत्येकाने सर्व कायद्यांसाठी हा खटाटोप करावयाचा म्हटला तर जन्म पुरावयाचा नाही. म्हणून संघाने एक सूची तयार केली, आणि कोणत्या कायद्याची संकलित जन्मकथा शहरातील कोणत्या ग्रंथालयात आहे, हे तीत नोंदविले. सूची हाती असली, की निरोप धाडावा आणि खंड उसना आणावा.

श्रोतेहो, येथे एक गोष्ट लक्षात घ्या. या पेढ्या एकमेकींच्या प्रतिस्पर्धी असतात. आज सकाळी न्यायालयात परस्परांवर तुटून पडणारे वकील हेच त्या पेढ्यांचे मालक. असे असता, एका पेढीच्या कपाटातला खंड दुपारी दुसऱ्या पेढीच्या टेबलावर जातो! आपल्याकडे दोन भाऊबंदांचा बांधावरून दावा चालू असतानाही विहिरीवरचा दोर एकमेकांना द्यावा लागतो, त्यातलाच हा प्रकार. ग्रंथपालाचा प्रामाणिकपणा येथे दुहेरी असतो. आपला अशील कोण आणि आपण काय शोधीत आहोत, हे तो उघड करीत नाही. पण छापलेला कायदा आणि त्याचे कागद हे कोणाच्या मालकीचे गुपित नव्हे, हेही तो विसरत नाही. युक्तिवादात ज्याने त्याने आपापल्या बुद्धीने जिंकावे, कागद दडवून कोणी जिंकू नये, अशी या उसनवारीमागची अलिखित मर्यादा आहे.

यावर कोणी म्हणेल, ‘हे सारे श्रीमंत पेढ्यांचे सौजन्य, गरिबाला त्याचे काय?’ आक्षेप रास्त आहे. ज्याला वकील परवडत नाही, त्याला वकिलाच्या कपाटातील खंड कसा दिसणार? या आक्षेपाचे पुरे उत्तर कोणताही संघ देऊ शकणार नाही. तथापि वॉशिंग्टनच्या संघाने आपल्या सभासदांच्या अनुभवाचे सार एका संदर्भसंग्रहात एकत्र केले, आणि काँग्रेसचे कागद कसे शोधावेत हे शिकविणारा तो संग्रह आंतरजालावर सर्वांस खुला केला. ज्या वाटा जुन्या ग्रंथपालांनी पायांनी तुडविल्या, त्यांचा नकाशा आता कोणा विद्यार्थ्याला किंवा वार्ताहराला घरबसल्या मिळतो. एवढे तरी खरे.

आंतरजालाचे नाव निघाले, तेव्हा या व्यवसायापुढची नवी चिंताही सांगितली पाहिजे. पूर्वी कायदा खिशात हरवत होता. आता तो पडद्यावरून नाहीसा होऊ शकतो. छापील खंडाच्या शेकडो प्रती शेकडो ठिकाणी असतात, त्यांतील अक्षर कोणी गुपचूप बदलू शकत नाही. पडद्यावरचा मजकूर मात्र रातोरात बदलला तरी मागे डाग राहत नाही. राष्ट्रीय संस्थेने २००७ साली राज्याराज्यांतील सरकारी संकेतस्थळांची पाहणी करून अहवाल काढला. कित्येक राज्यांनी पडद्यावरच्या कायद्याला अधिकृत म्हटले होते. पण तो मजकूर अस्सल व अविकृत आहे, याची प्रमाणभूत खातरजमा कोठेही होत नव्हती. या हालचालींतून २०११ मध्ये एक नमुना-कायदा तयार झाला. त्याचे म्हणणे तीन गोष्टींचे : पडद्यावरील अधिकृत कायद्याचा अस्सलपणा सिद्ध करता यावा, तो जपून ठेवावा, आणि तो जनतेला कायमचा खुला असावा. २०१२ मध्ये कोलोरॅडो राज्याने तो प्रथम स्वीकारला. ही चिंता काल्पनिक नव्हती. हार्वर्डच्या अभ्यासकांनी २०१३ मध्ये दाखवून दिले की, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निवाड्यांत दिलेल्या आंतरजालावरील दुव्यांपैकी निम्मे दुवे मूळ मजकुरापर्यंत पोचतच नव्हते. न्यायाधीशांनी आधार दाखवावा आणि वाचकाने तेथे जावे, तो जागा रिकामी!

आता हे सर्व दूरच्या देशाचे म्हणून आपण सोडून देऊ नये. आपल्याच सर्वोच्च न्यायालयाने २४ सप्टेंबर १९५१ रोजी दिलेला एक निवाडा या विषयाचा मुकुटमणी शोभेल. जयपूर संस्थानात १९२३ साली मंत्रिमंडळाने एका ठरावाने अफूचा कायदा केला. पण तो ना राजपत्रात छापला, ना कोठे जाहीर केला. पंचवीस वर्षांनी हरला नावाच्या एका इसमास त्याच कायद्याखाली पन्नास रुपये दंड झाला. रक्कम लहान, पण प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी तो निवाडा लिहिला. सर्वोच्च न्यायालयात जाण्यापूर्वी हे नागपूरच्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते, म्हणून आपल्याला त्यांचे नाव परके नाही. बंद दाराआड केलेला आणि प्रजेला कळविण्याची काहीही तजवीज न केलेला ठराव माणसाला बांधू शकत नाही, असा त्या निवाड्याचा आशय आहे. दंड रद्द झाला. पन्नास रुपयांच्या त्या खटल्याने कायद्याच्या अज्ञानाच्या तत्त्वाला त्याची दुसरी बाजू मिळवून दिली.

न्यायालय निवाडा देते तो वर्षांनंतर, आणि एका माणसाला. ग्रंथपाल तेच काम रोज, आणि जो विचारील त्याच्यासाठी करीत असतो. म्हणून आपल्या शहरातील सार्वजनिक ग्रंथालयात आपण जाल, तेव्हा कथाकादंबऱ्यांच्या कपाटांबरोबर सरकारी राजपत्रे व कायद्यांची पुस्तके तेथे ठेवली आहेत काय, याची जरूर चौकशी करा. नसतील तर ती ठेवण्याविषयी चालकांना लिहा. आणि पुढच्या वेळी एखाद्या कचेरीतून ‘नियमच तसा आहे’ असे आपल्याला सांगण्यात येईल, तेव्हा न रागावता, पण न कचरता, दोनच प्रश्न विचारा : तो नियम कोणत्या तारखेचा, आणि तो कोठे पाहावयास मिळेल?