विजयदुर्गाचं ग्रहण कोणतं?

आजचा विषय खरं म्हणजे विज्ञानाच्या एखाद्या प्राध्यापकाचा. मी मराठी घेऊन बी.ए. झालेला, कविता करणारा माणूस. पण माझ्या हातून एक चूक झाली आहे, आणि ती चारचौघांत झाली असल्यामुळे तिची दुरुस्तीही चारचौघांतच व्हायला हवी.

विजयदुर्गावर माझी एक कविता आहे. कविसंमेलनांत बरी चालते. सूर्यातलं हेलियम जगाला पहिल्यांदा या किल्ल्यावरून दिसलं, अशा अर्थाची एक ओळ तिच्यात आहे. किल्ल्यावर 'साहेबाचे कट्टे' दाखवतात. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाला नॉर्मन लॉकियर नावाच्या साहेबाने तिथे दुर्बिणी लावल्या आणि हेलियम शोधलं, असं आपण कोकणातले लोक अभिमानाने सांगतो. अलीकडच्या वर्षांत १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिनही साजरा होऊ लागला आहे.

एका शाळेत मी ही कविता वाचली. टाळ्या झाल्या. मग मुलांना म्हटलं, काय विचारायचं ते विचारा. एकाने विचारलं, सूर्य एकाएकी विझला तर आपल्याला कधी कळेल? आठ-सव्वाआठ मिनिटांनी, एवढं मला ठाऊक होतं. मग मागच्या बाकावरची, सातवीतली एक मुलगी उठली. "सर, अठरा ऑगस्टला विजयदुर्गाला पाऊस नव्हता का?"

आता ऑगस्ट म्हणजे काय, हे चिपळूणच्या माणसाला कुणी सांगायला नको. वाशिष्ठीचं पाणी कुठवर चढलं ते बघत बसायचे ते दिवस. सूर्य दोन-दोन दिवस तोंड दाखवत नाही. विलायतेहून समुद्र ओलांडून ग्रहण बघायला येणारा शहाणा माणूस त्या महिन्यात कोकण किनारा कशाला निवडेल? मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. घरी आलो आणि वाचायला लागलो.

निघालं ते असं. १८६८ च्या ग्रहणाची सावली आपल्या बाजूने देशात शिरून पूर्वेला मछलीपट्टणमपर्यंत गेली. जॉन हर्शल जमखिंडीला होते, आणखी एक तुकडी विजापूरला होती. म्हणजे घाटापलीकडे, कोरड्या मुलखात. तिथेसुद्धा ढगांनी त्यांना छळलंच. फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होते. आणि लॉकियरसाहेब? ते त्या दिवशी इंग्लंडात होते! लंडनच्या युद्धखात्यात कारकुनी करायची आणि उरलेल्या वेळात सूर्य बघायचा, असा हा बत्तीस वर्षांचा माणूस.

सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांचा प्रकाश प्रिझममधून नेला की त्यात रंगीत रेघा दिसतात. ग्रहणाच्या वेळी बऱ्याच जणांना त्यांत एक पिवळी रेघ दिसली. सोडियमची रेघही पिवळीच. गॅसच्या ज्योतीवर चिमूटभर मीठ टाकून बघा, ज्योत पिवळी होते. ती मिठातल्या सोडियममुळे. मी स्वतः टाकून पाहिलं. बायको म्हणाली, आता हे काय नवीन? त्यामुळे पुष्कळांना ती सोडियमचीच वाटली असेल, तर नवल नाही. जान्सेन यांना वेगळीच गोष्ट सुचली: एवढ्या ठळक रेघा ग्रहण नसतानाही दिसायला हव्यात. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या पाहिल्या. तीच युक्ती लॉकियरनी स्वतंत्रपणे योजली आणि २० ऑक्टोबरला घरबसल्या पाहिलं, तर पिवळी रेघ सोडियमच्या जागी बसत नव्हती, किंचित बाजूला होती. पुढे तिच्या धन्याला, ग्रीक भाषेत सूर्य म्हणजे हेलिऑस म्हणून, हेलियम हे नाव मिळालं. पृथ्वीवर ते सापडलं १८९५ साली, विल्यम रॅम्झी यांना, एका खनिजात.

मग कट्टे कुठले? तर लॉकियर विजयदुर्गाला खरोखरच आले होते, पण तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला. जानेवारी! आकाश लख्ख. एकसष्ट वर्षांचे, 'नेचर' या जगप्रसिद्ध नियतकालिकाचे संस्थापक-संपादक, 'सर' झालेले लॉकियर. 'मेल्पोमीनी' या युद्धनौकेचे खलाशी त्यांच्या मदतीला होते. भर दुपारी सुमारे दोन मिनिटं अंधार झाला आणि प्रिझम लावलेल्या कॅमेऱ्यांनी सूर्याच्या कडेचे फोटो घेतले. हेलियम तोवर तीन वर्षं बाटलीत होतं. कट्टे सांगतात ते या ग्रहणाचे. लोकांनी दोन ग्रहणं एकाच साहेबाच्या नावावर जोडून टाकली, एवढंच.

जाता जाता सांगतो. त्याच ग्रहणाला पुण्याचे प्रा. कावसजी नायगमवाला सोलापूरकडच्या जेऊरला दुर्बीण लावून उभे होते. आपल्या माणसाचा कट्टा मात्र कुणी दाखवत नाही.

हे सगळं वाचताना मला १६ फेब्रुवारी १९८० ची दुपार आठवत होती. मी लहान होतो. ग्रहण म्हणून रस्ते ओस. शेजारच्या काकूंनी पाण्याच्या हंड्यात तुळशीपत्र टाकलेलं, आणि आमच्या दादीने बहिणीच्या हातची विळी काढून घेतलेली. दोन्ही घरांची भीती एकच. अब्बा मला ग्रहणाच्या नमाजला घेऊन निघाले. वाटेत त्यांनी सांगितलं, की मदिनेत प्रेषितांचा लहानगा मुलगा इब्राहीम वारला त्या दिवशी सूर्याला ग्रहण लागलं. लोक म्हणू लागले, पोर गेलं म्हणून सूर्य काळवंडला. प्रेषितांनी त्यांना सांगितलं, कुणाच्या मरणाने किंवा जन्माने सूर्य-चंद्राला ग्रहण लागत नसतं. मुलगा गेलेल्या बापाने त्या दिवशी हे सांगितलं. मला ही गोष्ट तेव्हापासून पाठ. आणि तरी मी आपल्या गावचा मान म्हणून एक ग्रहण तीस वर्षं अलीकडे ओढलं, ते वृत्तात बसवलं आणि टाळ्या घेतल्या.

त्या शाळेत मी पुन्हा गेलो. त्या मुलीला म्हटलं, तुझा प्रश्न बरोबर होता. ग्रहण जानेवारीतलं होतं. तिने लगेच दुसरा प्रश्न काढला: "मग सर, तुमच्या कवितेचं काय?"

ती ओळ मी खोडली आहे. तिच्या जागी दुसरी अजून सुचलेली नाही.