चमचाभर तेल
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



भांडण वाढविणारा ‘आगीत तेल ओततो’ असे आपण मराठीत म्हणतो. इंग्रजीत मात्र ‘खवळलेल्या पाण्यावर तेल ओतणे’ म्हणजे तंटा शमविणे, संतापलेल्यांना शांत करणे. तेल तेच, एका भाषेत ते भडकविते, दुसरीत निवविते.

या वाक्प्रचारामागे दर्यावर्दी लोकांचा जुना अनुभव आहे. तेलाने समुद्र शांत होतो, असे रोमन ग्रंथकार प्लिनी याने पहिल्या शतकात लिहून ठेविले. इंग्लंडात बीड याने इ. स. ७३१ मध्ये पूर्ण केलेल्या इतिहासात संत एडनची कथा आहे. जलप्रवासास निघालेल्या एका धर्मगुरूला त्याने तेल दिले आणि वादळ उठताच ते पाण्यावर ओतावयास सांगितले.

पुढे बेंजामिन फ्रँकलिन यांनी लंडनच्या क्लॅपहॅम येथील तळ्यावर याचा प्रयोग केला. १७७४ मध्ये तो प्रसिद्ध झाला. लाटा सर्वांत मोठ्या होत्या त्या काठाशी त्यांनी प्रथम तेल टाकले. वाऱ्याने ते परत काठाकडे लोटले. मग वारा ज्या बाजूने येत होता, लाटा जेथे जन्म घेत होत्या, त्या काठाला ते गेले. तेथे चमचाभर तेलाने सुमारे अर्धा एकर पाणी आरशासारखे निवांत झाले. तेलाचा अतिसूक्ष्म पापुद्रा पसरला की बारीक तरंग तेथेच विरतात. पोर्ट्‌समथजवळच्या किनाऱ्यावर फुटणाऱ्या मोठ्या लाटांपुढे मात्र हा उपाय चालला नाही.

आम्हांला या वाक्प्रचाराचे मर्म येथेच दिसते. उत्सवाचा जमाखर्च, नाटकातील भूमिका, कार्यकारिणीची निवडणूक, यांवरून मंडळात तरंग उठावयाचेच. पण परमुलखात मंडळ दुभंगले, तर अडीअडचणीला धावणारे दुसरे आप्त आपण कोठून आणणार? पन्नास वर्षे आपण एकत्र राहिलो, याचे श्रेय पदाधिकाऱ्यांइतकेच काही अनामिक सभासदांना आहे. सभा तापण्यापूर्वीच, आदल्या संध्याकाळी, रुसलेल्याच्या घरी जाऊन त्यांनी चहाबरोबर गैरसमजही संपविला. अशा भेटींची नोंद कोणत्याही इतिवृत्तात सापडणार नाही.

तेल चमचाभर पुरते. ते तरंग उठतो त्या काठाला, वेळेवर पडावे लागते. असे हात या मंडळाला पुढेही लाभोत, एवढी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.