व्हिसा : परक्या दाराशी दिलेला शब्द

(परदेशी जाऊ इच्छिणारे तरुण आणि त्यांचे पालक यांच्यासमोर बीड येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



बीड जिल्ह्याला स्थलांतर नवीन नाही. दसरा-दिवाळी सरली की बालाघाटच्या डोंगररांगांतील गावेच्या गावे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्राची आणि कर्नाटकाची वाट धरतात. मुकादमाकडून उचल घ्यायची, शब्द द्यायचा आणि निघायचे, ही येथील रीत. कोयता घेऊन निघालेल्याला राज्याच्या सीमेवर कोणी कागद विचारीत नाही, कारण देश आपला आहे. आज याच घरांतील मुले पुण्यात शिकून अमेरिका-युरोपात नोकरी करतात, कोणी वैद्यकीय शिक्षणासाठी परदेशी जाते, कोणी कामासाठी आखाती देशांची वाट धरते. तेथे मात्र दाराशी कागद विचारला जातो. तो कागद नीट समजून न घेतल्यामुळे कितीतरी कुटुंबांची आयुष्यभराची पुंजी पाण्यात जाते.

प्रथम दोन गोष्टींतील भेद ध्यानी घेतला पाहिजे. पासपोर्ट, म्हणजेच पारपत्र, आपले सरकार देते. 1967 साली सतवंतसिंग साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परदेशगमन हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग असल्याचे सांगितले आणि त्याच वर्षी संसदेने पासपोर्ट कायदा केला. व्हिसा ही दुसऱ्या देशाची अनुमती होय. ती देणे वा नाकारणे हा त्या देशाचा सार्वभौम अधिकार आहे. आपल्या घरात कोणाला घ्यावे हे जसे आपण ठरवतो, तसेच तेही ठरवतात. म्हणून व्हिसाच्या अर्जात आपण जे लिहितो, तो एक दिलेला शब्द असतो : कशासाठी येतो, किती दिवस राहतो, खर्च कोण करतो आणि परत केव्हा जातो. व्हिसाचे सारे नियम या चार प्रश्नांभोवतीच फिरतात.

मुलाकडे अमेरिकेस निघालेल्या आई-वडिलांचे उदाहरण घेऊ. अमेरिकेच्या 1952 च्या कायद्यानुसार पर्यटक व्हिसा मागणारा प्रत्येक जण कायमचे राहण्यासच येत आहे, असे आधी गृहीत धरले जाते. तसे नाही, हे अर्जदाराने पटवून द्यावयाचे असते. अशा वेळी शेजाऱ्याकडून उसने आणलेले चार लाख मुलाखतीच्या आदल्या आठवड्यात खात्यात भरणे हा शहाणपणा नव्हे. त्याने संशयच वाढतो. सातबारा, निवृत्तिवेतन, कारखान्याचे ऊसबिल, गावचे घर, मागे राहिलेले कुटुंब, ही परतण्याची खरी कारणे आहेत. ती सरळ, आपल्या भाषेत सांगावीत.

दुसरी गफलत मुदतीची. व्हिसा दहा वर्षांचा मिळाला म्हणजे दहा वर्षे राहता येते, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात दहा वर्षे ही दाराशी येण्याची मुदत आहे. आत किती दिवस राहावयाचे, ते विमानतळावरील अधिकारी ठरवतो. पर्यटकाला सामान्यतः सहा महिने मिळतात. त्या मुदतीनंतर 180 दिवसांहून अधिक काळ राहून जो बाहेर पडतो त्याला तीन वर्षे आणि जो वर्षभर वा अधिक राहतो त्याला दहा वर्षे प्रवेशबंदी होऊ शकते. नातवाच्या बारशासाठी राहिलेली आजी त्याच्या मुंजीला मुकावी, असे कोणाला वाटेल? युरोपातील शेंगेन व्यवस्थेत आज 29 देश आहेत. तेथे कोणत्याही 180 दिवसांत एकूण 90 दिवसच राहता येते आणि किमान 30 हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. सामानाचेही नियम असतात. भौगोलिक मानांकन लाभलेले बीडचे सीताफळ मुलाला कितीही आवडत असले, तरी ताजी फळे आणि बियाणे न सांगता अमेरिकेत नेता येत नाहीत. जे नेत आहोत ते प्रवेशपत्रकात लिहून द्यावे. लपवले तर दंड होतो.

आता कागदांविषयी. शाळेत नाव घालताना गुरुजींनी '1 जून' ही जन्मतारीख लिहिली, अशी माणसे मराठवाड्यात घरोघरी आहेत. शाळेच्या दाखल्यावर एक तारीख, आधारवर दुसरी, माहेरचे नाव एका कागदावर आणि सासरचे दुसऱ्यावर, असे असेल तर अर्ज करण्यापूर्वीच ते जुळवून घ्यावे. पासपोर्टवर नाव आणि आडनाव दोन्ही असावीत. संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर 2022 पासून पासपोर्टवर एकच नाव असलेल्या पर्यटकांना प्रवेश नाकारला आहे. 1 ऑक्टोबर 2023 नंतर जन्मलेल्या मुलांच्या पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो, म्हणून बाळाची नोंद वेळीच करावी. पासपोर्टची मुदत प्रवासाच्या वेळी सहा महिन्यांहून अधिक उरलेली असावी, असे अनेक देश सांगतात. आफ्रिकेतील अनेक देशांसाठी पीतज्वराची लस किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते.

नेपाळची गोष्ट वेगळी. परळी वैजनाथाच्या भूमीतील भाविकाला पशुपतिनाथाच्या दर्शनासाठी व्हिसा लागत नाही. पण विमानाने जायचे तर पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवे. 15 ते 65 वयोगटातील व्यक्तीला केवळ आधारकार्ड पुरत नाही.

विद्यार्थ्यांनी आधी परत येण्याचा विचार करावा. परदेशात वैद्यकीय शिक्षण घेऊन भारतात व्यवसाय करावयाचा तर नीट उत्तीर्ण असणे आवश्यक आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या 2021 च्या नियमांनुसार अभ्यासक्रम किमान 54 महिन्यांचा, इंग्रजी माध्यमाचा आणि त्याच संस्थेतील 12 महिन्यांच्या आंतरवासितेसह असावा लागतो. त्यानंतर येथील परवाना परीक्षा असतेच. व्हिसा मिळाला म्हणजे पदवी मान्य झाली, असे नव्हे. शिकता शिकता काम करण्यालाही मर्यादा असते. ब्रिटनमध्ये पदवीच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला 20 तासच काम करता येते. प्रवेशपत्राची खातरजमा विद्यापीठाकडेच करावी. एजंटाने दिलेली प्रवेशपत्रे बनावट निघाल्याने 2023 मध्ये कॅनडातील अनेक भारतीय विद्यार्थ्यांवर हद्दपारीची वेळ आली होती.

सर्वांत मोठा धोका आहे तो कमी शिकलेल्या कष्टकरी तरुणाला. आई-वडिलांबरोबर फडावर गेल्यामुळे ज्याची शाळा दहावीपूर्वी सुटली, त्याच्या पासपोर्टवर 'ईसीआर' असा शेरा येतो. 1983 च्या उत्प्रवास कायद्याखाली अशा व्यक्तीला आखाती देश, मलेशिया आदी 18 देशांत नोकरीसाठी जाताना सरकारची मंजुरी घ्यावी लागते. पुष्कळांना ही अडचण वाटते. खरे तर ते कवच आहे. मंजुरीच्या वेळी करारपत्र तपासले जाते आणि दहा लाख रुपयांचा प्रवासी भारतीय विमा उतरवला जातो. नोंदणीकृत भरती एजंटाला सेवाशुल्क म्हणून जीएसटीखेरीज 30 हजार रुपयांहून अधिक घेता येत नाही. फसवणारा एजंट हेच कवच काढून घेतो. 'पर्यटक व्हिसावर चल, तिथे गेल्यावर बघू,' असे तो सांगतो. पर्यटक व्हिसावर गेलेल्याचा नोकरीचा करार कोणी तपासलेला नसतो, तो विमाही नसतो आणि तेथे काम करणे हा गुन्हा ठरतो. मग मालक पासपोर्ट काढून घेतो. आपल्या कायद्यानुसार पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे. तो दडपून ठेवण्याचा अधिकार एजंटाला नाही आणि मालकालाही नाही. असा प्रसंग आल्यास भारतीय दूतावासाचे दार ठोठवावे. उचलीच्या ओझ्याखाली मुकादमापुढे मान तुकवावी लागणे काय असते, हे या जिल्ह्याला कोणी शिकवावयास नको. समुद्रापलीकडे ते ओझे दसपटीने जड होते.

5 फेब्रुवारी 2025 रोजी अमेरिकेचे लष्करी विमान 104 भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरले. त्यांत महाराष्ट्रातीलही तिघे होते. घरची जमीन विकून आडमार्गाने जाणाऱ्यांचा शेवट कसा होतो, हे साऱ्या देशाने पाहिले.

म्हणून प्रत्येक कुटुंबाने काही पथ्ये पाळावीत. अर्ज स्वतः वाचावा. इंग्रजी येत नसेल तर घरातील शिकलेल्या मुलीकडून ओळ न् ओळ समजून घ्यावा आणि मगच सही करावी. माहिती त्या देशाच्या दूतावासाकडूनच घ्यावी, कारण नियम बदलत असतात. एजंटाची नोंदणी सरकारच्या ई-मायग्रेट यादीत तपासावी. पैसे पावतीवाचून देऊ नयेत. व्हिसाचा प्रकार कोणता, हे विमानात बसण्यापूर्वी घरातील प्रत्येकाला ठाऊक असावे. एकदा नकार मिळाला तर खचू नये. पुन्हा अर्ज करता येतो, मात्र पहिला नकार लपवू नये.

गावात ज्याने हे सारे एकदा केले आहे, त्याने शेजारच्या दोन घरांना मदत करावी. परदेशी निघालेल्या माणसाबरोबर त्याच्या घराची आणि देशाची पतही जात असते. एकाने शब्द पाळला की मागून येणाऱ्याला ते दार थोडे अधिक सहज उघडते. बीडच्या मुलांनी जगभर जरूर जावे. सरळ वाटेने जावे आणि ताठ मानेने परत यावे.