यवनराज मिलिंद

भिलाईत आम्हां मराठी मंडळींचे एक वार्षिक स्नेहसंमेलन होते. त्या संमेलनात ध्वनिक्षेपकाचे काम माझ्या वाट्याला आले होते. सभागृहाच्या दाराशी कोणाची तरी स्कूटर वाट अडवून उभी होती आणि मालकाचे नाव मिलिंद, एवढाच सुगावा लागला होता. मी ते नाव पुकारले, तो तीन जण एकदम उठले. एक पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेले गृहस्थ, दुसरे बँकेतील अधिकारी आणि तिसरा दहा वर्षांचा एक मुलगा. त्या मुलाची स्कूटर असण्याचा संभव नव्हता. पण आपले नाव ध्वनिक्षेपकावरून ऐकू आले याचाच त्याला आनंद झाला होता. कार्यक्रम संपल्यावर तो माझ्याकडे आला आणि या नावाचा अर्थ विचारू लागला. त्याचे वडील म्हणाले, मिलिंद म्हणजे भुंगा. संस्कृत कोशाप्रमाणे ते बरोबरच आहे. निवृत्त गृहस्थ म्हणाले, छे, मिलिंद म्हणजे नागसेनाशी वाद करणारा राजा. राजा म्हटल्याबरोबर मुलाचे डोळे चमकले. त्याने विचारले, "काका, तो कोणती लढाई जिंकला?"

श्रोतेहो, प्राचीन इतिहास घेऊन एम. ए. झालेल्या माणसाला याचे उत्तर देता यावयास हवे होते. मला एकाही लढाईचे नाव सांगता आले नाही. ते का सांगता येत नाही, याचा थोडा विचार आज आपल्यापुढे मांडतो.

मिलिंद हे पाली ग्रंथातले नाव. ग्रीकांनी त्याला मिनँडर म्हटले आहे आणि त्याच्या नाण्यांवर खरोष्ठी लिपीत 'मेनंद्र' असे रूप येते. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या मध्याला, सुमारे इ. स. पू. १५५ ते १३० या काळात, काबूलच्या खोऱ्यापासून पंजाबपर्यंत त्याची सत्ता होती. अलेक्झांडर गेल्यानंतर त्याच्या सेनापतींनी राज्ये वाटून घेतली. त्यांतील सेल्यूकसच्या वंशजांकडून हिंदुकुशापलीकडचा बॅक्ट्रिया, म्हणजे आपला बाल्हीक देश, इ. स. पू. २५०च्या सुमारास फुटून स्वतंत्र झाला. तिकडचे ग्रीक पुढे डेमेट्रियस आणि अपोलोडोटस यांच्या काळात पर्वत ओलांडून इकडे उतरले. मौर्यांचे साम्राज्य त्या वेळी मोडकळीस आले होते व मगधात पुष्यमित्र शुंगाने गादी घेतली होती. मिनँडर हा या मंडळींच्या नंतरचा. पाली ग्रंथात तो स्वतःच सांगतो की आपला जन्म अलसंद प्रदेशातील कलसी गावी झाला. अलसंद म्हणजे काबूलच्या उत्तरेस अलेक्झांडरने वसविलेली अलेक्झांड्रिया, असे बहुतेक विद्वान मानतात. तेव्हा हा ग्रीक राजा ग्रीस देशापासून कित्येक महिन्यांच्या वाटेवर जन्मला होता.

आता त्याच्या युद्धांविषयी. स्ट्रॅबो नावाच्या ग्रीक भूगोलकाराने एका जुन्या इतिहासकाराचा हवाला देऊन लिहिले आहे की, बॅक्ट्रियाच्या ग्रीकांनी अलेक्झांडरपेक्षाही अधिक लोकसमूह जिंकले आणि त्यांत मिनँडरचा वाटा मोठा होता. वाक्य मोठे गौरवाचे आहे. परंतु त्याच वाक्यात स्ट्रॅबोने एक 'जर' घातला आहे: तो जर खरोखर बियास नदी ओलांडून पूर्वेस गेला असेल तर. ही बियास म्हणजे इ. स. पू. ३२६ मध्ये जिच्या काठी अलेक्झांडरचे सैन्य पुढे जाण्यास नकार देऊन थांबले तीच नदी होय. सरकारी टिपणीत असा 'जर' कोणी घातला की आम्ही अधिकारी लोक ताबडतोब सावध होतो.

आपल्याकडील पुरावा याहून चमत्कारिक ठिकाणी सापडतो. पतंजलीच्या महाभाष्यात भूतकाळाचा एक नियम आहे: जी घटना लोकप्रसिद्ध आहे, बोलणाऱ्याने प्रत्यक्ष पाहिलेली नाही, परंतु पाहिली असती तर पाहता येण्याजोगी होती, तिला अमुक क्रियारूप वापरावे. उदाहरण म्हणून वैयाकरण सांगतो की यवनाने साकेताला वेढा घातला, यवनाने माध्यमिकेला वेढा घातला. साकेत म्हणजे अयोध्या आणि माध्यमिका ही चितोडजवळची नगरी. एका व्याकरणाच्या नियमात केवढा भयंकर काळ साठून राहिला आहे पाहा! युगपुराणातही साकेत, पांचाल आणि मथुरा घेऊन यवन पाटलिपुत्रापर्यंत आल्याचे वर्णन आहे; पण आपसांतच घोर युद्ध पेटल्यामुळे ते मध्यदेशात टिकले नाहीत, असेही तेथे म्हटले आहे. ही स्वारी डेमेट्रियसची की मिनँडरची, यावर विद्वानांचे एकमत झालेले नाही, कारण या दोन्ही आधारांनी राजाचे नाव दिलेले नाही. ज्या वेढ्यात नगर पोळले त्या नगराच्या आठवणीत शत्रू केवळ 'यवन' म्हणून उरला.

मात्र त्याचे नाव लक्षावधी हातांतून फिरले, ते नाण्यांवरून. एका बाजूस ग्रीक अक्षरांत 'त्राता राजा मिनँडर', दुसऱ्या बाजूस तोच मजकूर खरोष्ठीत, 'महाराजस त्रतरस मेनंद्रस', आणि वज्र फेकणारी अथीना देवी. त्याच्या काही तांब्याच्या नाण्यांवर आठ आऱ्यांचे चक्र आहे. ते धर्मचक्र होते की सार्वभौम राजाचे चक्र, हा वाद मी येथे उकरून काढत नाही. मला अधिक मोलाची वाटते ती दुसरीच गोष्ट. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक नाविकाने तांबड्या समुद्रातून हिंदुस्थानापर्यंतच्या व्यापाराची जी माहिती लिहून ठेवली, तीत तो म्हणतो की भडोच बंदरात अपोलोडोटस व मिनँडर यांची जुनी नाणी अद्याप चालतात. म्हणजे राजा मरून दोनशे वर्षे लोटली तरी त्याच्या चांदीवर बाजाराचा विश्वास होता. आणि हाच नाविक पुढे सांगतो की भडोचला दक्षिणेतून माल येतो तो पैठण आणि तगर येथून; तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील आपले तेर. पैठण भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर आहे, असेही तो नोंदवितो. पैठणचे गोमेद आणि तेरचे सुती कापड घेऊन बिनरस्त्याच्या मुलखातून गाडीवान भडोचला उतरत. परतताना त्यांच्यापैकी कोणाच्या कनवटीला मिनँडरचे एखादे नाणे नसेल, असे मानणे मला तरी जड जाते.

परंतु आमच्या त्या छोट्या मिलिंदापर्यंत हे नाव ज्या वाटेने आले ती वाट नाण्यांची नव्हती. ती 'मिलिंदपञ्ह' या ग्रंथाची आहे.

त्या ग्रंथात राजधानी सागल म्हणजे आजच्या पाकिस्तानातील सियालकोट. तट, खंदक, रुंद रस्ते, काशीच्या वस्त्रांची दुकाने असे तिचे वर्णन येते. एके दिवशी राजा नगराबाहेर आपल्या चतुरंग सैन्याची पाहणी करतो. गणती संपते, पण दिवस बराच उरलेला असतो. राजा अमात्यांना म्हणतो, इतक्या लवकर नगरात परतून काय करावयाचे? ज्याच्याशी चर्चा करून शंका फिटेल असा कोणी विद्वान आहे काय? सैन्याची पाहणी झाल्यावर उरलेल्या वेळात ज्याला प्रश्न सुचतात असा राजा! त्याने आधी कित्येक आचार्यांना निरुत्तर केले होते. आयुपाल नावाचे भिक्षू गप्प झाले तेव्हा सारे जंबुद्वीपच पोकळ आहे, असे तो बोलून गेला. मग नागसेन आला.

पाचशे यवन दरबारी साक्षीला होते. राजाने नाव विचारले. भिक्षू म्हणाला, मला नागसेन म्हणतात खरे, पण ती केवळ एक संज्ञा आहे. तिच्यामागे कोणी 'पुरुष' सापडत नाही. राजाने केस, नखे, दात, त्वचा अशी एकेक गोष्ट घेऊन विचारले, हा नागसेन काय? प्रत्येक वेळी नकार आला. तेव्हा राजाने भिक्षू खोटे बोलत आहे असा निर्णय दिला. नागसेनाने शांतपणे विचारले, महाराज पायी आलात की वाहनाने? रथाने. मग आस म्हणजे रथ काय? चाके म्हणजे रथ? जू म्हणजे रथ? राजा नाही, नाही म्हणत गेला आणि शेवटी स्वतःच्याच युक्तिवादात अडकला. आपण एवढे सार्वभौम राजे, कोणाच्या भयाने असत्य बोलता, असे भिक्षूने त्याला विचारले. त्यावर त्या पाचशे यवनांनी नागसेनाला साधुवाद दिला आणि आपल्याच राजाला म्हटले, आता बोला पाहू! दरबारात असे घडू शकते, हे त्या राजाविषयी कोणत्याही प्रशस्तीपेक्षा अधिक सांगून जाते.

यानंतर एक लहानसा प्रसंग आहे. राजा म्हणतो, आपण आणखी चर्चा कराल काय? नागसेन उत्तर देतो, आपण पंडितासारखे बोलणार असाल तर करीन, राजासारखे बोलणार असाल तर नाही. दोहोंत भेद काय? पंडितांच्या चर्चेत गुंता होतो, उकल होते, खंडन होते, चूक कबूल केली जाते, आणि कोणी रागावत नाही. राजे एक गोष्ट ठरवितात आणि जो ती मानीत नाही त्याला दंड करा म्हणतात. मिलिंदाने ही अट मान्य केली. तो म्हणाला, एखाद्या भिक्षूशी, श्रामणेराशी किंवा विहाराच्या बागेतील सेवकाशी बोलावे तसे माझ्याशी मोकळेपणाने बोला.

हे मी प्रथम वाचले ते परीक्षेसाठी आणि विसरलो. पुढे नोकरीत लागल्यावर ते आठवले. माझ्या पहिल्या नेमणुकीच्या गावी शेताच्या बांधाचा एक तंटा माझ्यापुढे आला. म्हातारे पटवारी म्हणाले, साहेब, नकाशात चूक आहे, दगड जागेवर आहे. मी नकाशावर बोट ठेवले आणि पुन्हा तेच म्हटले, किंचित आवाज चढवून. पटवारी उभे राहिले, म्हणाले, साहेब म्हणतात तसे. निकाल लागला. दोन वर्षांनी फेरमोजणीत नकाशा चुकीचा ठरला; मधल्या काळात त्या शेतकऱ्याचे दोन हंगाम गेले होते. मी कोणाला दंड केला नव्हता, धमकीही दिली नव्हती. केवळ खुर्चीत बसून बोललो होतो.

मिलिंदाच्या दरबारातही अशी माणसे होतीच. नागसेनाला पाहिजे तितक्या भिक्षूंसह येऊ द्या असे राजा म्हणत असता सब्बदिन्न नावाचा अधिकारी मध्येच म्हणे, दहाच येऊ देत. राजा पुन्हा तेच सांगे, हा पुन्हा दहाच म्हणे. अखेर राजाने विचारले, भिक्षूंना जेवू घालण्याची ऐपत आपल्याला नाही, असे तुला वाटते काय? तेव्हा तो ओशाळला. खर्चाची काळजी वाहणाऱ्या आमच्या या पूर्वजाविषयी मला थोडी सहानुभूती वाटते, हे कबूल केले पाहिजे.

पाली ग्रंथाच्या शेवटी मिलिंद राज्य पुत्राकडे सोपवून प्रव्रज्या घेतो आणि अर्हत होतो. हा भाग नंतरचा असावा, असे अभ्यासकांचे मत आहे. प्लूटार्क हा ग्रीक लेखक निराळेच सांगतो. मिनँडर लष्करी छावणीत मरण पावला. नगरांनी मिळून त्याचे उत्तरकार्य केले, परंतु अस्थींवरून त्यांच्यात तंटा झाला, आणि शेवटी रक्षेचे सारखे भाग करून प्रत्येक नगराने आपल्या भागावर स्मारक उभारले. बुद्धाच्या अस्थींची कथा ज्यांना ठाऊक आहे त्यांना येथे ती आठवल्यावाचून राहणार नाही. प्लूटार्कने ही हकीकत इतिहासग्रंथात लिहिलेली नाही. सार्वजनिक कारभारात पडू इच्छिणाऱ्या एका तरुणाला केलेल्या उपदेशात, न्यायाने राज्य करणाऱ्याचे उदाहरण म्हणून ती आली आहे. दोन कथांपैकी मला छावणीतील मृत्यूच खरा वाटतो. प्रश्न विचारणाऱ्या राजाने तलवार खाली ठेवली होती असे मानावयास आधार नाही, आणि साकेताच्या लोकांना तर त्याची किंवा त्याच्या भाईबंदांची ओळख वेढ्यानेच झाली.

या यवनांचे पुढे काय झाले, हे पाहावयास महाराष्ट्रासारखे दुसरे स्थान नाही. नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावर, ज्याला आपण पांडवलेणी म्हणतो तेथे, तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीने आपला पुत्र गौतमीपुत्र सातकर्णी याला शक, यवन आणि पल्हव यांचा संहारक म्हटले आहे. त्याच डोंगरावर सतराव्या लेण्यात दुसरा लेख आहे. उत्तरेकडील दातामिती नगराचा यवन धम्मदेव याचा पुत्र इंद्राग्निदत्त याने ते लेणे, चैत्यगृह आणि पाण्याची टाकी खोदविली. बरोबर पुत्र धम्मरक्षित होता. दातामिती हे डेमेट्रियसच्या नावाने वसलेले नगर, असे अनेक विद्वान मानतात. बापाचे नाव धम्मदेव, मुलाचे इंद्राग्निदत्त, नातवाचे धम्मरक्षित, आणि तरी लेखात 'यवन' म्हणून ओळख कायम! एका लेण्यातून दुसऱ्या लेण्यात पायी जावयास काही मिनिटे पुरतात. कार्ल्याच्या चैत्यातील कित्येक खांब धेनुकाकट येथील यवनांनी दिले आहेत. जुन्नरला इरिल नावाच्या यवनाने पाण्याच्या दोन टाक्या दिल्या, चिट नावाच्या यवनाने भिक्षूंसाठी भोजनमंडप दिला.

आणि हे नाव आपल्या घरांत आले ते कसे? काहींनी नादासाठी ठेवले असेल, भुंग्यासाठीही ठेवले असेल. परंतु डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये मराठवाड्यात, त्या वेळच्या औरंगाबादेस, महाविद्यालय काढले. त्याला मिलिंदाचे नाव मिळाले आणि त्याच्या परिसराला नागसेनवन म्हटले गेले. ज्यांना शतकानुशतके प्रश्न विचारावयाचीच बंदी होती त्यांच्या मुलांसाठी काढलेल्या महाविद्यालयाला वाद करणाऱ्या राजाचे नाव आणि त्याला निरुत्तर करणाऱ्या भिक्षूचे वन! संमेलनातले ते निवृत्त गृहस्थ त्याच महाविद्यालयात शिकलेले होते. मिलिंद हे त्यांचे नाव मात्र त्यांच्या वडिलांनी ठेवले होते.

त्या मुलाला मी सारे एवढे सांगितले नाही. म्हटले, त्याने पुष्कळ लढाया जिंकल्या, पण त्यांची नावे राहिली नाहीत. एक वाद हरला, तो मात्र सगळा लिहून ठेवला आहे. मुलाचे समाधान झाले नाही. तो म्हणाला, "मग रथ म्हणजे नक्की काय, ते सांगा." तेवढ्यात स्कूटरचे मालक आले, आणि आम्ही सगळे वाट मोकळी करण्यास दाराकडे गेलो.