झाकण किती घट्ट लावायचं?

मी मूळचा बडोद्याचा. गुजरातेत दारूबंदी, त्यामुळे बिअर हा शब्द आमच्या घरात कुणी मोठ्यानं उच्चारत नसे. आंबवायचं ते इडलीचं पीठ आणि मुरवायचं ते लोणचं, एवढंच माहीत. आईची लोणच्याची बरणी माळ्यावर, तोंडाला पांढरा दादरा घट्ट बांधलेला. बरणीचं तोंड नीट बांधलं नाही तर लोणचं गेलं, हे मनात पक्कं बसलेलं. याच समजुतीनं पुढे एका मित्राचा डोळा जायची वेळ आली होती. तेच आज सांगतो.

नोकरीनिमित्त मी काही वर्षं इंग्लंडमध्ये, लीड्सला होतो. तिथे १९६३ पासून स्वतःपुरती बिअर घरी करायला परवाना लागत नाही. दुकानात किट मिळतो: माल्टच्या घट्ट पाकाचा डबा, यीस्टची पुडी. सोबत ३० लिटरची पांढरी प्लॅस्टिकची बादली, झाकणाला भोक, त्यात रबराची चकती आणि चकतीत एअरलॉक. एअरलॉक म्हणजे वाकडी पारदर्शक नळी, त्यात थोडं पाणी. आतला वायू पाण्यातून बुडबुडे काढत बाहेर जातो, बाहेरची हवा आत येऊ शकत नाही.

मी २३ लिटर बिअर लावली. दुसऱ्या दिवशी बुडबुड, बुडबुड सुरू. रात्री दिवा मालवला की तेवढाच आवाज. तिसऱ्या दिवशी आवाज बंद. मी समजलो, झालं काम. पाचव्या दिवशी साखर घालून काचेच्या बाटल्या भरल्या, बुचं ठोकली आणि जिन्याखालच्या कपाटात ठेवल्या. तिथूनच गरम पाण्याचे नळ जायचे, त्यामुळे कपाट छान उबदार. नऊ दिवसांनी माझ्या घरसोबत्यानं, तो केरळचा, झाडू काढायला दार उघडलं आणि एक बाटली फुटली. काच उजव्या भुवईत घुसली. चार टाके पडले. डॉक्टर म्हणाले, बोटभर खाली लागली असती तर डोळा वाचला नसता.

काय चुकलं ते कळायला मला बरेच दिवस लागले. त्या बादलीचं झाकण काठाच्या एका बाजूला नीट बसलंच नव्हतं. वायू तिथून निघून जात होता, मग तो पाण्यातून कशाला जाईल? आणि गंमत अशी, की त्या फटीनं बिअर बिघडली नाही. २३ लिटर साधी बिअर आंबताना ४०० लिटरहून जास्त कार्बन डायऑक्साइड निघतो. एवढा वायू बाहेर धावत असताना हवा फारशी आत शिरत नाही. बिघडला तो माझा अंदाज. बुडबुडे थांबले म्हणजे आंबणं थांबलं, असं मी धरून चाललो. प्रत्यक्षात खोलीतल्या थंडीनं यीस्ट नुसतं मंदावलं होतं. कपाटात ऊब मिळाली, ते पुन्हा कामाला लागलं. आणि तिथे मात्र बुचं पक्की होती.

किटमध्ये हायड्रोमीटर होता. खोक्यातून काढलाच नव्हता! साध्या पाण्यात तो १.००० दाखवतो. माझ्यासारखी बिअर १.०४५ च्या आसपास सुरू होऊन १.०१० च्या आसपास थांबते. समजा ती १.०१८ वर असताना बाटलीत भरली, तर फेसासाठी आपण लिटरला सात ग्रॅम साखर घालतो, तिच्या दुपटीहून जास्त साखर आत आधीच उरलेली असते. नीट झालेल्या बाटलीतही मोटारीच्या टायरएवढा दाब असतो. त्यावर अजून किती चढला असेल, बघा. म्हणून आकडा दोन-तीन दिवस जागचा हलला नाही की मगच बाटली भरायची. बुडबुड्यांचं ऐकायचं नाही.

मग झाकणाचं काय? पुढच्या खेपेला मी चिडून काठावर चिकटपट्टीचे चार वेढे दिले. फेस उसळून एअरलॉकमध्ये चढला, नळी तुंबली आणि झाकण चिकटपट्टीसकट उडालं. छतावरचा डाग घर सोडेपर्यंत होता, अनामत रकमेतून पैसे कापले गेले. तेव्हा सुरुवातीचे दोन-तीन दिवस एअरलॉकऐवजी जाड नळी लावून तिचं दुसरं टोक पाण्याच्या भांड्यात बुडवावं. फेस त्यात उतरतो.

झाकण बसलंय का, हे पाहायची सोपी रीत आहे. झाकण बोटांनी हलकेच दाबा. एअरलॉकमधलं पाणी सरकून तिथेच राहिलं तर ठीक, लगेच परत आलं तर कुठेतरी फट आहे. काठ पुसा, झाकण चहूबाजूंनी टकटक वाजेपर्यंत दाबा, रबराची चकती चिरली असेल तर बदला. तोटी असेल तर बिअर ओतण्याआधी साधं पाणी भरून रात्रभर ठेवा. तोटी बहुधा गळतेच.

फट खरी नडते ती आंबणं संपल्यावर. वायू निघायचा थांबतो, हवा आत येते आणि बिअरला ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते. कार्बन डायऑक्साइड जड असल्यानं वर गोधडीसारखा पसरून राहतो, असं बरेच जण सांगतात. तसं होत नाही, वायू एकमेकांत मिसळतात. उगाच झाकण उघडून डोकावू नका.

हे सगळं फोनवर आईला सांगितलं, बिअर हा शब्द टाळून. ती म्हणाली, ‘‘अरे, दादरा धुळीसाठी आणि मुंग्यांसाठी असतो. लोणचं राखतं ते वरचं तेल. खालून बुडबुडा येतो नि जातो, वारा खाली जात नाही.’’ म्हणजे एअरलॉक आमच्या माळ्यावर होताच.

आता मी बेंगळुरूला असतो. आपल्याकडे दारूचे कायदे राज्याराज्यांचे आहेत आणि बहुतेक ठिकाणी परवान्याशिवाय घरी बिअर करणं गुन्हा आहे, म्हणून इथे करत नाही. पण आल्याचं फसफसतं पेय, कोंबुचा हे तुमच्यापैकी अनेक जण करतात आणि हौसेनं काचेच्या सुंदर बाटल्यांत भरतात. वायू तोच आहे. निदान एक तरी बाटली सोड्याच्या प्लॅस्टिकची भरा. ती बोटांनी दबेनाशी झाली की सगळ्या बाटल्या फ्रीजमध्ये. आणि फुगलेली काचेची बाटली हलवायची वेळ आलीच, तर आधी चष्मा घाला, बाटलीवर जाड टॉवेल टाका आणि मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नका.