रुग्ण आणि डॉक्टरांचा सल्ला
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



डॉक्टरांचा सल्ला रुग्णाने सदैव मानलाच पाहिजे काय, या प्रश्नावर चार शब्द बोलण्याची आज्ञा आम्हांस झाली आहे. 'डॉक्टर सांगतील ती पूर्वदिशा' असे म्हणणारा एक पक्ष आणि 'आमच्या आजोबांनी जन्मात गोळी घेतली नाही' असे अभिमानाने सांगणारा दुसरा पक्ष, असे दोन्ही आपल्या घरांतून आढळतात. आमच्या मते दोघांचेही म्हणणे अपुरे आहे.

चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. प्रत्येकाच्या अंगी चार गुण असावेत, अशी अपेक्षा आहे. रोग्याचे चार गुण म्हणजे स्मरणशक्ती, सांगितल्याप्रमाणे वागणे, निर्भयता आणि आपली व्यथा नीट सांगता येणे. येथे ध्यानात घेण्याजोगे हे की, आज्ञापालन हा त्यांपैकी एक गुण आहे, एकमेव नव्हे. मुका आणि भेदरलेला रोगी त्या ग्रंथकारांस अभिप्रेत नाही.

या संबंधात महात्मा गांधींचे उदाहरण मनन करण्यासारखे आहे. 'हिंद स्वराज्य' या १९०९ च्या पुस्तकात त्यांनी डॉक्टरी धंद्यावर कडक टीका केली होती. पुढे १९१८-१९ च्या दीर्घ आजारात मुंबईचे डॉ. दलाल यांनी दूध घेतल्यावाचून शरीर सुधारणार नाही, असे बजावले. गांधीजींनी तर दूध न पिण्याचे व्रत घेतलेले. ते त्यांनी डॉक्टरांपासून लपविले नाही, मोकळेपणी सांगितले. तेव्हा कस्तुरबांनी शेळीच्या दुधाचा मार्ग सुचविला आणि डॉक्टरांनी तो मान्य केला. व्रताचा आत्मा आपण राखला नाही, ही खंत गांधीजींनी आत्मचरित्रात नमूद केली आहे. पण प्रकृती सुधारली. पुढे जानेवारी १९२४ मध्ये येरवड्याच्या तुरुंगात आंत्रपुच्छाचा दाह झाल्यावर पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांच्या हातून शस्त्रक्रिया करून घेण्यास त्यांनी संमती दिली. जेथे बोलणे अवश्य तेथे ते बोलले. जेथे विलंब घातक तेथे त्यांनी देह निःशंकपणे डॉक्टरांच्या स्वाधीन केला. हा विवेक आपण उचलण्यासारखा आहे.

आता आपल्या घरांकडे वळू. क्षयरोगाचे उपचार सर्वसाधारणतः सहा महिने चालतात. परंतु काही आठवड्यांतच ताप उतरतो, खोकला कमी होतो, भूक लागते, आणि 'आता बरे वाटते' म्हणून गोळ्या बंद होतात. शरीरात उरलेले जंतू मात्र मेलेले नसतात. अर्धवट औषधाने ते अधिक चिवट होण्याचा धोका असतो, आणि मग त्याच औषधांचा उपयोग होत नाही. अशा रोग्याच्या खोकल्यातून तेच चिवट जंतू घरातील लेकराबाळांस लागू शकतात. रक्तदाबाचेही तसेच. गोळीने दाब उतरला, तो गोळीवाचून उतरलेला राहील असे समजणे भ्रमाचे होय. अशा ठिकाणी सल्ला मनाने मोडणे हे स्वातंत्र्य नव्हे. औषध सोसत नसेल, खर्च झेपत नसेल, तर ते डॉक्टरांना सांगावे. औषध बदलता येते, मात्रा बदलता येते. न सांगता सोडलेल्या औषधाची भरपाई मात्र कोणालाच करता येत नाही.

दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली एका खटल्यात निर्णय दिला. रुग्ण स्त्री भूल दिलेल्या अवस्थेत असताना तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय काढण्यात आले होते. प्राणसंकट नसताना, सज्ञान स्त्रीच्या वतीने आईने दिलेली अशी संमती पुरेशी नाही, असे न्यायालयाने ठरविले. आपल्या कुटुंबांत सुनेच्या शस्त्रक्रियेचा निर्णय सासू-सासरे, पती आणि दीर बसून घेतात, आणि जिच्या देहाचा प्रश्न तिला चहा करावयास आत पाठवितात. भगिनींनो, डॉक्टरांपुढे प्रथम तुम्हीच बोलावे. रोग कोणता, उपाय काय, दुसरा मार्ग आहे काय, काहीच न केल्यास काय होईल, हे चार प्रश्न विचारणे म्हणजे उद्धटपणा नव्हे. शस्त्रक्रिया मोठी असून सवड असेल, तर दुसऱ्या जाणत्या डॉक्टरांचे मत घेण्यातही पहिल्यांचा अपमान नाही.

सारांश, निर्णय होईपर्यंत नीट विचारावे, आणि निर्णय झाल्यावर तो नेटाने पाळावा. आज या मंडपातून घरी गेल्यावर प्रत्येकाने एवढे करावे : घरात कोणाची गोळी मध्येच बंद पडली आहे काय, याची चौकशी करावी, आणि तसे आढळल्यास रागे न भरता त्या माणसाबरोबर डॉक्टरांकडे जावे.